युद्ध, उठाव, बंड : आफ्रिकेत राहिलेल्यांचे अनुभव

मुक्काम पोस्ट (धागाकर्ता)
आफ्रिकेत कामाला गेलेली मराठी माणसं आता कमी नाहीत. साखर कारखाने, औषध कंपन्या, विद्यापीठं, शांतिसेना. शिवाय तीन पिढ्यांपूर्वीच तिकडे गेलेली घरं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कधी ना कधी गोळीबार, संचारबंदी, रातोरात बदललेलं सरकार आलेलं आहे. पण गप्पांत विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'तिकडे कायम असंच चालतं.' दोन, 'आपल्या सरकारनं विमान पाठवून सोडवून आणलं.' पहिलं वाक्य आळशी आहे. ५४ देश आहेत, प्रत्येकाचं भांडण वेगळं. दुसरं खरं आहे, पण विमानात बसण्याआधीचे दिवस त्यात येत नाहीत. ते इथे लिहा. साल, गाव, काम काय करत होतात, घरात काय शिल्लक होतं, दाराशी कोण आलं, मागे कोण राहिलं. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं तेही सांगा. माणसांची नावं टाळा, कारण त्यातले बरेच अजून तिथेच आहेत.

उसाचं टिपरू
मी सांगली जिल्ह्यातला, पॅनमन, म्हणजे कारखान्यात रस आटवून साखरेचा दाणा धरणारा. इकडं हंगाम संपला तरी पगार तुंबलेला असायचा, म्हणून सुदानला गेलो. व्हाइट नाईल नदीकाठी रबक म्हणून गाव आहे, तिथल्या साखर कारखान्यात. सांगली-कोल्हापूरकडची पोरं तिथं भरपूर होती. फिटर, टर्नर, वेल्डर, केमिस्ट. कॉलनीत सकाळी निम्मी भांडणं मराठीत व्हायची.

१५ एप्रिल २०२३, शनिवार. रमजानचे शेवटचे दिवस. राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. लष्कराचे बुऱ्हान आणि आरएसएफचे हेमेदती. २०२१ मध्ये दोघांनी मिळूनच सत्ता घेतली होती. मग आरएसएफ लष्करात किती वर्षांत विलीन करायची आणि कुणाच्या हाताखाली, यावरून बिनसलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की विमानतळ बंद झालाय आणि आमच्यातल्या काही जणांचे पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी खार्टूमला गेलेत.

आमच्याकडं तेव्हा गोळी चालली नाही. खार्टूम लांब. पण बँक खार्टूमची, डिझेल खार्टूमहून, औषध खार्टूमहून. हळूहळू एकेक नळ बंद होत गेला. मोबाईलवरून पैसे पाठवायचं बँकेचं अ‍ॅप होतं, ते लागलं तर दुकानदार माल देणार, नाही तर नाही. आणि कारखाना लगेच बंद करता येत नाही हे इथल्या साखरवाल्यांना माहीत असेल. पॅनमध्ये माल असताना वाफ गेली तर आतल्या आत दगड होतो, मग छिन्नी-हातोडा घेऊन फोडत बसायचं. त्यामुळं खार्टूम जळत असताना आम्ही पॅन उतरवत होतो.

शेवटी बसनं निघालो. मदनी, गेडारेफ, कसाला करत पोर्ट सुदान. हजार किलोमीटरच्या वर अंतर. दर थोड्या अंतरावर नाका. कुठं लष्कराचा, कुठं गावातल्या पोरांचा. मोबाईलमधले फोटो काढून टाका म्हणून ड्रायव्हरनं आधीच बजावलं होतं. पोर्ट सुदानहून नौदलाच्या जहाजानं जेद्दा. ऑपरेशन कावेरीतली सुमेधा, तेग, तर्कश ही नावं तुम्ही टीव्हीवर ऐकली असतील. जेद्दाला भारतीय शाळेत गाद्या टाकल्या होत्या, तिथून विमान. या मोहिमेत ३,८०० च्या वर लोक आले. इकडं आल्यावर यलो फीव्हरचं पिवळं कार्ड नसलेल्यांना बाजूला काढून विलगीकरणात ठेवलं. आफ्रिकेत जाणाऱ्यांनी ते कार्ड पासपोर्टाला टाचून ठेवा.

माझा हेल्पर नदीपलीकडच्या कोस्तीचा. अरबी बोलायचा, पण पॅनमध्ये दाणा धरला की 'दाणा आला, दाणा आला' असं मराठीत ओरडायचा, कारण ते काम तो आमच्याकडंच शिकला होता. बस सुटली तेव्हा तो ड्युटीवर होता. बसचा ड्रायव्हर आम्हाला बंदरावर सोडून त्याच रस्त्यानं, तेच नाके ओलांडत परत गेला. त्याच्यासाठी जहाज नव्हतं.

कोकमकढी
माझ्या सासूबाईंची गोष्ट लिहिते, त्यांना वाचून दाखवूनच टाकते आहे. आम्ही त्यांना ममा म्हणतो. गोव्यातल्या बार्देशच्या, पण जन्म युगांडातला. वडील एंटेबीला सरकारी कचेरीत कारकून. इंग्रजांना हिशेबाला आणि दफ्तराला गोवेकर माणूस लागायचा, त्यामुळे एंटेबी-कंपालात गोवेकरांची वस्ती होती, स्वतःचे क्लब होते.

१९७१ च्या जानेवारीत इदी अमीन लष्करी बंड करून सत्तेवर आला तेव्हा लोक रस्त्यावर नाचले, आशियाईसुद्धा (तिकडे भारतीय उपखंडातल्या माणसांना तसंच म्हणत), असं ममा सांगतात. आधीच्या ओबोटे सरकारच्या राष्ट्रीयीकरणाला व्यापारी वैतागले होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. आधी फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांबद्दल बोलणं होतं. ज्यांनी युगांडाचं नागरिकत्व घेतलं होतं ते निर्धास्त होते. मग कागदपत्रं तपासायच्या रांगा लागल्या. जुनं नागरिकत्व मुदतीत सोडल्याचा कागद नाही म्हणून कित्येकांचे पासपोर्ट खिडकीतच रद्द झाले. माणूस सकाळी युगांडन म्हणून रांगेत उभा राहायचा आणि दुपारी कुठलाच नसायचा.

ममांच्या घरात तीन तऱ्हेचे पासपोर्ट होते. वडील आणि ममा ब्रिटिश, आई भारतीय, मोठा भाऊ युगांडन. जेवणाचं टेबल एक आणि देश तीन. आई मोंबासाहून बोटीने मुंबईला आणि तिथून गोव्याला गेली. वडील आणि ममा लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरले आणि लष्कराच्या जुन्या हवाई तळावरच्या बराकीत राहिले. भावाचं नागरिकत्व रद्द झालं, तो बिनदेशाचा म्हणून संयुक्त राष्ट्रांमार्फत युरोपातल्या छावणीत गेला. हे घर पुन्हा एका छताखाली आलं ते आईच्या आजारपणात, म्हापशाला.

एंटेबीच्या रस्त्यावर सैनिकांचे नाके होते. बरोबर न्यायला पन्नासेक पौंड परवानगी, बाकी सगळं मागे. नाक्यावर बांगड्यासुद्धा उतरवून घेत. ममांच्या आईने मंगळसूत्राऐवजी घातलेली साखळी गेली, रोझरी राहिली. सैनिकाला ती लाकडाची आहे हे दिसलं.

पण ममांना ही गोष्ट नुसती 'आमच्यावर अन्याय झाला' अशी सांगितलेली आवडत नाही. त्या म्हणतात, आमच्या क्लबात आफ्रिकन माणूस यायचा तो हातात ट्रे घेऊन. आमच्या घरी काम करणारी बाई आमची भाषा बोलायची, आम्ही तिची किती शिकलो? अमीनने हा राग वापरला, पण त्याने तो हवेतून आणला नव्हता. आणि आशियाई निघून गेल्यावर खरी कत्तल राहिलेल्यांची झाली. १९७९ ला टांझानियाच्या सैन्याने त्याला पळवून लावलं तोवर किती युगांडन मारले गेले त्याचे अंदाज ५ लाखांपर्यंत जातात. आमची नव्वद दिवसांची गोष्ट जगभर छापून आली, त्यांची आठ वर्षांची तेवढी आली नाही, हे ममांचंच बोलणं.

मुसेवेनी सत्तेवर आल्यावर जप्त घरं परत मिळू लागली. ममांच्या वडिलांचं घर सरकारी होतं, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

थिका रोड
नैरोबीत आमची चौथी पिढी. पणजोबा रेल्वेच्या कामाला आले. मी दोन गोंधळ पाहिले, दोन्हींत फार फरक आहे.

१ ऑगस्ट १९८२, रविवार. हवाई दलातल्या खालच्या लोकांनी बंड केलं, रेडिओ स्टेशन घेतलं, मोई सरकार पडलं म्हणून जाहीर केलं. दुपारपर्यंत लष्कराने ते मोडून काढलं. पण तोवर शहरात लूट सुरू झाली होती आणि लुटारूंना दुकान कोणाचं हे पाटी वाचूनच कळत होतं. एन्गारा, पार्कलँड्समध्ये मुहिंडी (भारतीय वंशाच्या माणसाला इथे तसं म्हणतात) घरांत लोक घुसले. काही घरांत बायकांवर अत्याचार झाले, त्याबद्दल आमच्या समाजात आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. आमच्या अस्करीने (रखवालदाराला इथे तसंच म्हणतात) फाटकात खुर्ची टाकली आणि येणाऱ्यांना सांगितलं, 'मुहिंडी पळाला, घर माझं झालंय, माझं लुटता का?' आम्ही आत पलंगाखाली. लोक हसून पुढे गेले. नंतर वडिलांनी त्याला पैसे देऊ केले तर म्हणाला, पगार वाढवा. रास्त मागणी होती. वाढवला.

सरकारने नंतर अख्खं हवाई दल बरखास्त करून नव्याने उभं केलं. आमच्यातल्या निम्म्यांनी मुलं लंडन-टोरांटोला पाठवायला सुरुवात केली.

डिसेंबर २००७ चं वेगळं. निवडणुकीचा निकाल, राष्ट्राध्यक्ष किबाकींचा संध्याकाळी घाईघाईत शपथविधी, विरोधी उमेदवार ओडिंगांच्या लोकांचा उद्रेक. या वेळी आम्ही मुख्य निशाणा नव्हतो, जरी किसुमूत भारतीयांची दुकानं जळाली. किकुयू, लुओ, कालेन्जिन या जमातींत, असं शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी होतं. एल्डोरेटजवळ चर्चमध्ये आसरा घेतलेली बायका-मुलं जाळली. हजाराहून जास्त मेले, लाखो बेघर झाले. आमच्या वर्कशॉपमध्ये एकाच टेबलावर उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) खाणारे लोक जानेवारीत वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले. कोणी काही बोललं नाही, नुसत्या थाळ्या उचलून हलले. फेब्रुवारीअखेर कोफी अन्नान यांनी समझोता घडवला. टेबलं मात्र बराच काळ तशीच राहिली.

रिटायर्ड हवालदार
सातारा जिल्हा. दक्षिण सुदान, २०१३, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी. थोडक्यात लिहितो, आम्हाला लांबण लावायची सवय नाही.

एप्रिलमध्ये जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला, आपले पाच जवान गेले. १५ डिसेंबरला जुबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर (डिंका जमातीचे) आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक मशार (नुएर जमातीचे) यांच्या माणसांत जुंपली. देश स्वतंत्र होऊन अडीच वर्षंही झाली नव्हती. चार दिवसांनी अकोबोच्या चौकीत हजारोंचा जमाव घुसला. आत आसऱ्याला आलेल्या डिंका लोकांना मारायला आले होते. आपले दोन जवान तिथं शहीद झाले.

आमच्या तळाचं फाटक उघडायचा हुकूम आला आणि लोक आत आले ते थांबेचनात. चटया, शेळ्या, म्हातारी माणसं हातगाडीवर. नुएर पुरुषांच्या कपाळावर आडवे सहा व्रण असतात, वयात येताना कापून केलेले. ते मोठेपणाचं लक्षण. त्या आठवड्यात रस्त्यावर तेच मरणाचं लक्षण झालं. थंडी नसताना लोक कपाळावर लोकरी टोपी ओढून येत होते. आमच्या स्वयंपाक्याने पहिल्या रात्री सगळा भात बाहेर दिला. पाणी मात्र मोजूनच द्यावं लागलं, तेच सगळ्यात अवघड. बंदूक धरण्यापेक्षा अवघड.

तासिका तत्त्व
नावावरून ओळखलं असेल. नेट झालं, पीएचडी झाली, इकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं घासली. इथिओपियातल्या विद्यापीठांत मराठवाड्यातले बरेच जण आधीच होते, त्यांच्या ओळखीने मेकेलेला गेलो. तिग्राय प्रांताची राजधानी. डोंगराळ, कोरडी, सुंदर हवा. उपासाच्या दिवशी तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दूधदेखील घेत नाहीत, त्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. शिरो म्हणजे जवळपास आपलं पिठलंच, इंजेरावर (आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या घावनावर) ओतलेलं.

पंतप्रधान अबी अहमद यांना २०१९ चा शांततेचा नोबेल मिळाला तेव्हा मेकेलेत फारसा जल्लोष नव्हता. केंद्र सरकार आणि तिग्रायचा जुना सत्ताधारी पक्ष यांच्यात तेढ वाढत होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिग्रायने केंद्राला न जुमानता स्वतःची निवडणूक घेतली. त्याच सुमारास देशभर बिरच्या नव्या नोटा आल्या, जुन्या बदलून घ्यायच्या होत्या. नोटाबंदी पाहिलेल्या मला त्या रांगा ओळखीच्या वाटल्या. पुढे मात्र त्याचे चटके बसले, कारण बदलून होतं न होतं तोच युद्ध सुरू झालं.

३ नोव्हेंबरच्या रात्री लष्कराच्या उत्तर विभागाच्या तळांवर हल्ला झाला. सकाळी फोन बंद, इंटरनेट बंद, वीज गेलेली, बँका बंद. पगार खात्यात आणि खातं कुलुपात. घरी नांदेडला बायकोला मी जिवंत आहे हे कळवायला मार्ग नाही. तिने मला नंतर सांगितलं की वाट पाहण्याला तिची ना नव्हती, पण लोक भेटायला यायचे ते सांत्वनाला आल्यासारखे बसायचे, त्याचा तिला राग यायचा.

आम्ही परदेशी शिक्षक एका घरात जमलो. पीठ, डाळ, एका जर्मन शिक्षकाची कॉफी, सगळं एकत्र. घरमालकीण रोज बुन्नासाठी बोलवायची. कॉफीच्या बिया भाजून, कुटून, तीन फेऱ्यांत देतात. विमानाचा आवाज आला की ती अंगण सोडून आत यायची आणि आवाज गेला की निखारे फुंकून पुन्हा पहिल्यापासून. ते पाहून मला आधी वाटलं, ही बाई घाबरत नाही. मग एकदा तिचा हात पाहिला, कप बशीवर वाजत होता.

संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांचा ताफा परदेशी लोकांना घेऊन अफार प्रांतातून जाणार असं कळलं. वेळ सांगितली गेली एक वाजता. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात. नव्याने आलेल्या एका शिक्षकाला आम्ही अक्षरशः अंथरुणातून उचलून आणला. २८ नोव्हेंबरला केंद्राच्या फौजा मेकेलेत शिरल्या, तेव्हा मी आदिस अबाबात होतो.

माझ्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचं घर अक्सुमला. त्याच दिवसांत केंद्राच्या बाजूने उतरलेल्या शेजारच्या एरिट्रियाच्या सैन्याने तिथे शेकडो नागरिक मारले. फोन बंद असल्यामुळे बाहेर कोणाला पत्ता नाही. तो मेकेलेत, घर काही तासांच्या अंतरावर, आणि दोन्हीकडे कोण जिवंत आहे हे दोन्हीकडे माहीत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार झाला. मेलेल्यांचा आकडा ६ लाखांपर्यंत असू शकतो असं आफ्रिकन युनियनचे दूत ओबासांजो म्हणाले. त्याच वर्षांत युक्रेनबद्दल आपल्या वाहिन्यांवर रोज नकाशे लागायचे. तिग्रायचा नकाशा मी एकदाही पाहिला नाही. त्या विद्यार्थ्याचा प्रबंध पुढे पूर्ण झाला. परीक्षक मी नव्हतो, पण आभारात नाव आहे.

पालथा घडा
लिबियातलं बेंगाझी, फेब्रुवारी २०११. नवरा बांधकाम कंपनीत, मी शाळेत शिकवायचे. १७ तारखेनंतर शहर चार-पाच दिवसांत गद्दाफीच्या हातून गेलं. लोकांनी चौकात जुना तिरंगी झेंडा लावला, पोरंच वाहतूक सांभाळायला लागली. त्या आनंदात आमचा कोणी केसही वाकडा केला नाही. शेजारीण पाव आणून द्यायची. भारत सरकारने ठरवलेलं स्कॉशिया प्रिन्स जहाज आलं, त्यातून अलेक्झांड्रियाला.

पण एक लिहायलाच हवं. गद्दाफीने आफ्रिकेतून भाडोत्री सैनिक आणल्याची बोलवा होती, आणि त्यापायी काळ्या कातडीच्या मजुरांना रस्त्यात धरून मारलं जात होतं. चाड, नायजर, घानाची साधी गवंडीकाम करणारी माणसं. आमच्या साईटवरचे काही जण बंदराच्या भिंतीशी बसून होते. आमच्या हातात निळा पासपोर्ट आणि यादीत नाव. त्यांच्या देशांची जहाजं आली नाहीत.

मुक्काम पोस्ट
@उसाचं टिपरू, राहिलेला पगार मिळाला का? बऱ्याच जणांनी विचारलंय.

उसाचं टिपरू
थोडा मिळाला. बाकीचं सोडून दिलं. कारखाना तरी कुठं धड राहिला. आता युगांडात आहे, दुसऱ्या कारखान्यात. हेल्परचा मेसेज येतो अधूनमधून.

डेक्कन कॉर्नर
मी आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही, तरी लिहितो. पुण्यात सुदानी विद्यार्थ्यांची मोठी परंपरा आहे. कोंढव्यात, कॅम्पात विचारा. आमच्या वरच्या मजल्यावर एक होता, बीकॉम करायला आलेला. आईच्या हातची पुरणपोळी आवडायची, गणपतीत मंडपाच्या रांगेत उभा राहायचा. परत जाऊन खार्टूमच्या उत्तरेला, बहरीत, वडिलांचा स्टेशनरीचा धंदा सांभाळू लागला.

युद्ध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस त्याच्या घरावरून दोन्हीकडचे गोळे जात होते. नळाचं पाणी बंद, नाईल हाकेच्या अंतरावर, पण नदीपर्यंत जाणं म्हणजे जीव मुठीत. मग कुटुंब मदनीला गेलं. सगळं खार्टूमच तिकडे लोटलं होतं, कारण मदनी सुरक्षित मानत होते. गल्लीतल्या पोरांनी सामूहिक स्वयंपाक सुरू केला होता, त्याला ते तकिया म्हणतात. मोठ्या पातेल्यात मसूर, नाहीतर फूल म्हणजे शिजवलेले बाकला. कोणाकडून किती पैसे आले याचा हिशेब हा ठेवायचा. पुण्यातल्या डबल एंट्रीचा उपयोग झाला म्हणायचा. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने मदनीही घेतलं. लष्कर लढलंच नाही, निघून गेलं, हे सांगताना तो जेवढा चिडला तेवढा बहरीचं घर गेलं तेव्हाही चिडला नव्हता. पुन्हा पळापळ. गेडारेफ, पोर्ट सुदान. इजिप्तने तोवर सगळ्या सुदानी लोकांना व्हिसा सक्तीचा केला होता आणि तो मिळेना, म्हणून दलालाला पैसे देऊन वाळवंटातून अस्वान. आता कैरोत फैसल भागात भाड्याने राहतो. तिथे सुदानी इतके आहेत की दुकानांच्या पाट्यांवर खार्टूमच्या गल्ल्यांची नावं आहेत म्हणे. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतलं. भावाने जाऊन घर पाहिलं. वायरिंगसुद्धा भिंतीतून उपटून नेलेलं. तांबं विकलं जातं.

मी हे लिहितोय त्याला एक कारण आहे. त्याची पदवी आणि मार्कशीटं त्या घरात जळाली. कैरोत हिशेबनिसाची नोकरी मिळतेय, पण मूळ प्रमाणपत्र मागतात. मी इथे चौकशी केली. दुय्यम प्रत मिळते, पण फॉर्मबरोबर हरवल्याची पोलिस तक्रार लागते, आणि तक्रार जिथे हरवलं तिथल्या ठाण्याची हवी असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. मी म्हटलं, ते ठाणंच जळालंय. तो म्हणाला, मग तसं पत्र आणा. माणूस वाईट नव्हता, त्याच्या रजिस्टरात तो रकाना नव्हता एवढंच. इथे कोणाला असा अनुभव आहे का?

तासिका तत्त्व
@डेक्कन कॉर्नर, तुमच्या मित्राला कैरोतल्या भारतीय दूतावासात जाऊन प्रतिज्ञापत्र साक्षांकित करायला सांगा. त्यात युद्धाचा उल्लेख, पत्ता आणि तारीख हवी. सोबत तुमच्या नावाने अधिकारपत्र आणि त्याच्या निर्वासित नोंदणीच्या कार्डाची प्रत. आमच्या एका इथिओपियन विद्यार्थ्याचं असंच काम झालं होतं. खिडकीवर न देता थेट परीक्षा विभागाच्या उपकुलसचिवांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. परीक्षेचा बैठक क्रमांक आठवत असेल तर फार बरं, जुन्या नोंदी त्यावरून लवकर सापडतात.

डेक्कन कॉर्नर
बैठक क्रमांक त्याला पाठ आहे. वर्षही. विचारतो दूतावासाचं.